मनोविकारतज्ज्ञाकडे प्रथमच जाताना

म्हशीचे दूध आटू लागले की आपण दुसऱ्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना निरोप धाडतो. ऊस पिवळा पडला की पान तोडून कृषी सेवा केंद्रात नेऊन दाखवतो. पण घरातला माणूस महिनोन्महिने झोपत नाही, जेवणावरून उठून जातो, शेताच्या बांधावर तासन्‌तास एकटाच बसून राहतो, तेव्हा मात्र आपण "जाईल आपोआप" असे म्हणतो. मग कुणी अंगाऱ्याचे सुचवतो, कुणी लग्न लावून द्या म्हणतो, कुणी जागा बदला म्हणतो. यात वर्ष जाते आणि आजार मुरतो.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. तीत दर शंभर प्रौढांमागे सुमारे दहा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्यांना काहीही उपचार मिळत नव्हते. याचा अर्थ असा की, आपल्या धर्मग्रामातही असे आजारी आहेत. रविवारच्या मिस्सेला आपल्याच बाकावर बसणारे आहेत.

पुष्कळ लोक डॉक्टरांकडे जात नाहीत याचे एक कारण लाज हे आहे, आणि दुसरे म्हणजे तिथे गेल्यावर काय होते हे ठाऊक नसते. शॉक देतील, कोंडून ठेवतील, जन्मभर गोळ्या चालू होतील, गावभर बोभाटा होईल, अशी भीती असते. म्हणून खासगी मनोविकारतज्ज्ञाकडे प्रथमच जाणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

केव्हा जावे?

उदासपणा, कशातच गोडी न वाटणे, झोप व भूक बिघडणे, कामात लक्ष न लागणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे ही लक्षणे दोन आठवडे सतत टिकली तर डॉक्टरांना दाखवावे. इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येणे, शेजारी आपल्या वाईटावर आहेत असा पक्का संशय धरणे, कित्येक रात्री न झोपताही अंगात भलताच उत्साह असणे व पैसे उधळणे, बाळंतपणानंतर आईचे मन ठिकाणावर नसणे, दारू सोडावीशी वाटूनही न सुटणे, यांपैकी काहीही दिसल्यास दोन आठवडेही थांबू नये. आणि जो मरणाची भाषा बोलतो त्याला त्याच दिवशी न्यावे. "बोलतो तो करत नाही" ही समजूत खोटी आहे. तिने अनेक घरे बुडवली आहेत.

कोणत्या डॉक्टरांकडे?

मनोविकारतज्ज्ञ हा प्रथम एम.बी.बी.एस. झालेला आणि नंतर मनोविकारशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. ही पदवी वा पदविका घेतलेला डॉक्टर असतो. तो औषध लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा डॉक्टर नसून बोलण्याच्या मार्गाने उपचार करतो व चाचण्या घेतो; तो औषध देत नाही. अशा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. पुष्कळदा दोघे मिळून काम करतात. पाटीवर नुसते "मनाचे डॉक्टर" असे लिहिले असेल तर शिक्षण व नोंदणी क्रमांक विचारण्यास संकोच करू नये. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी नेली तर चांगलेच. परंतु चिठ्ठीवाचूनही जाता येते.

वेळ आधी ठरवून घ्यावी. त्याच वेळी पहिल्या भेटीची फी किती, पुढच्या भेटीची किती, आणि मध्येच त्रास झाला तर फोन कुणाला करावा, या तीन गोष्टी कंपाउंडरला विचारून घ्याव्यात. त्यात कमीपणा काही नाही.

जाण्यापूर्वीची तयारी

एका कागदावर पुढील गोष्टी लिहून न्याव्यात. डॉक्टरांसमोर बसले की निम्मे विसरते.

१. त्रास केव्हा सुरू झाला आणि त्या सुमारास घरात काय घडले: मृत्यू, कर्ज, पीक बुडणे, भांडण, बाळंतपण, परदेशची नोकरी सुटणे.
२. असा त्रास पूर्वी कधी झाला होता का, आणि तेव्हा कशाने बरे वाटले.
३. सध्या चालू असलेली सर्व औषधे: रक्तदाबाची, साखरेची, थायरॉइडची, तसेच आयुर्वेदिक काढे व झाडपाल्याची औषधेही. शक्य असेल तर गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घालून न्यावीत.
४. दारू, तंबाखू, गुटखा किती, हे खरे खरे.
५. आई-वडील, काका, मावशी, आजी यांच्यात कुणाला असा आजार होता का, कुणी जीव दिला होता का. घराणी ही माहिती लपवतात, पण डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते. पूर्वी एखाद्या औषधाने चुलत्याला गुण आला असेल तर तेही सांगावे.
६. जुने रिपोर्ट व चिठ्ठ्या.

सोबत असा माणूस न्यावा जो रुग्णाबरोबर त्याच घरात राहतो. हुशार पण शहरात राहणाऱ्या भाच्यापेक्षा रोज एका ताटात जेवणारी बायको अधिक सांगू शकते. मात्र पाच-सहा जणांचा लवाजमा नेऊ नये.

रुग्णाला फसवून नेऊ नये. "दात दाखवायला जाऊ" असे सांगून मनोविकारतज्ज्ञाच्या दारात उभे केले तर त्याचा घरच्यांवरचाही विश्वास उडतो आणि डॉक्टरांवरचाही. "तुला झोप नाही, आम्हाला काळजी वाटते, एकदा दाखवून येऊ" एवढे खरे बोलणे पुष्कळदा पुरते.

पहिल्या भेटीत काय घडते?

पहिली भेट मोठी असते. अर्ध्या तासापासून तासभरही लागतो. इथे इंजेक्शन नाही, यंत्र नाही. बहुतेक वेळ बोलण्यातच जातो. झोप, भूक, काम, मन, राग, भीती, घरचे वातावरण, लहानपण, शिक्षण, लग्न, असे सगळे प्रश्न येतात. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, असेही विचारतात. ही परीक्षा नव्हे. लक्ष व स्मरण कसे आहे ते पाहण्याची ती रीत आहे.

"जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असे मनात येते का?" हा प्रश्न डॉक्टर विचारतातच. नातेवाईक तेव्हा दचकतात. विचारल्याने तसे मनात भरेल अशी त्यांना धास्ती वाटते. तसे होत नाही. उलट, पुष्कळ दिवस एकट्याने वाहिलेले ओझे कुणीतरी विचारले म्हणून उतरते. या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे.

डॉक्टर रुग्णाशी एकट्याने बोलतात आणि नातेवाइकांशी वेगळे बोलतात. यात कपट नाही. सुनेला सासूसमोर आणि मुलाला बापासमोर बोलता येत नाही, एवढेच. स्त्री रुग्णाने बरोबर एखादी स्त्री किंवा नर्स असावी असे सांगितले तर ते योग्यच आहे.

मग वजन, नाडी, रक्तदाब पाहतात आणि कधी रक्ताच्या तपासण्या सांगतात. "मनाच्या आजाराला रक्त कशाला?" असे वाटेल. पण थायरॉइड ग्रंथी मंदावली की माणूस उदास व सुस्त होतो. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले की विसराळूपणा व चिडचिड येते. रक्त कमी असले की थकवा येतो. हे आजार वेगळे काढल्यावाचून मनाच्या आजाराचे औषध देणे म्हणजे मुळाला वाळवी लागलेली असता पानांवर फवारणी करण्यासारखे आहे. मेंदूचा स्कॅन मात्र प्रत्येकाला लागत नाही.

पहिल्याच दिवशी आजाराचे पक्के नाव मिळेल असे नाही. मनाचे आजार काळावर ओळखले जातात. दोन-तीन भेटींनंतर निदान बदलूही शकते. निघण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत: तुम्हाला काय वाटते? हे औषध कशासाठी? त्याने काय त्रास होऊ शकतो? पुन्हा केव्हा यायचे?

औषधांविषयी

येथेच बहुतेकांची गाडी अडते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

उदासीनतेवरील गोळी ही डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही. गुण दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे आणि पुरता यायला सहा आठवडे किंवा अधिक लागू शकतात. उलट मळमळ, डोके जड होणे, थोडी बेचैनी हे त्रास पहिल्या आठवड्यातच होतात व बहुधा कमी होत जातात. म्हणजे तोटा आधी दिसतो आणि नफा मागाहून. हे ठाऊक नसल्याने लोक आठव्या दिवशी गोळ्या टाकून देतात. पेरल्यावर आठ दिवसांत कणीस दिसले नाही म्हणून कुणी शेत नांगरून टाकत नाही. तसेच हे आहे. मात्र पंचविशीच्या आतील तरुणांवर पहिले काही आठवडे विशेष लक्ष ठेवावे, आणि बेचैनी फार वाढली किंवा मरणाचे विचार आले तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

बरे वाटले की गोळी बंद, ही दुसरी चूक. उदासीनतेच्या पहिल्या झटक्यात बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, आणि मग हळूहळू उतरवतात. एकदम बंद केल्यास चक्कर, बेचैनी होते व आजार उलटू शकतो. काही आजारांत मात्र अनेक वर्षे औषध घ्यावे लागते, जसे रक्तदाबात किंवा मधुमेहात घ्यावे लागते.

"या सगळ्या झोपेच्याच गोळ्या, त्यांची सवय लागते" असे म्हणतात. उदासीनतेवरील गोळ्यांचे व्यसन लागत नाही. परंतु अल्प्राझोलामसारख्या काही गोळ्या, ज्या भीती व झोपेसाठी थोडे दिवस देतात, त्यांची सवय खरोखरच लागते. त्या सांगितल्या दिवसांपलीकडे दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत, आणि पुष्कळ दिवस घेतल्या असतील तर एकदम सोडूही नयेत.

कामकरी माणसांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गोळीने पेंग येत असेल तर ट्रॅक्टर चालवणे, माडावर चढणे, विहिरीत उतरणे हे काही दिवस टाळावे व डॉक्टरांना सांगावे. ते वेळ किंवा मात्रा बदलतात. औषधावर दारू घेऊ नये. लिथियम नावाचे औषध चालू असेल तर रक्तातील त्याचे प्रमाण, मूत्रपिंड व थायरॉइड यांची तपासणी ठरल्या वेळी करावीच लागते. उन्हात घाम गाळणाऱ्याने पाणी भरपूर प्यावे, मीठ एकाएकी तोडू नये, आणि अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नये. कारण यांनी लिथियम रक्तात वाढते. उलट्या, जुलाब, हात फार थरथरणे, तोल जाणे अशी चिन्हे दिसली तर पुढची गोळी न घेता त्वरित रुग्णालय गाठावे. उपवासकाळात उपास धरणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला उपासाची सक्ती चर्च करत नाही.

मूल हवे असलेल्या किंवा दिवस गेलेल्या स्त्रीने ते डॉक्टरांना प्रथम सांगावे. व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपाय करते. पण घाबरून मनानेच औषध बंद करणेही धोक्याचे आहे. डॉक्टर दुसरे औषध निवडून देतात.

पुढच्या भेटी आणि इतर उपचार

दुसरी भेट बहुधा दोन ते चार आठवड्यांनी असते व ती लहान असते. "एवढी फी आणि दहा मिनिटे?" असे वाटते. पण त्या दहा मिनिटांत औषधाचा गुण व त्रास तोलला जातो. पहिले औषध लागू पडले नाही तर दुसरे देतात. म्हणजे डॉक्टर चुकला असे नव्हे. दर महिन्याला डॉक्टर बदलत राहिले तर कुणालाच पुरते समजत नाही.

बोलण्याचे उपचार हे नुसते उपदेश नसतात. आठवड्यातून एकदा, साधारण सहा ते वीस बैठका, मधल्या काळात घरी करायचा अभ्यास, असे त्याचे स्वरूप असते. सौम्य आजारात केवळ एवढ्यानेही गुण येतो.

विजेच्या शॉकची भीती सिनेमांनी भरवली आहे. हा उपचार थोड्याच रुग्णांना लागतो, उदाहरणार्थ ज्याने अन्नपाणी सोडले आहे किंवा जो जीव द्यायला टपला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल व स्नायू सैल करणारे औषध दिल्यावाचून शॉक देण्यास बंदी केली आहे. त्याच कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यासही मनाई आहे, मग ते कोणत्याही ठिकाणी असो.

बहुतेकांना रुग्णालयात राहावे लागतच नाही. लागले तरी बहुतेक जण स्वतःच्या संमतीने राहतात. आपल्याला समज उरली नाही तर आपल्या वतीने कुणी निर्णय घ्यावा, हे साध्या कागदावर सही करून आधीच लिहून ठेवण्याचा हक्कही या कायद्याने दिला आहे. डॉक्टरांनी रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी, रुग्णाला आपली कागदपत्रे पाहता यावीत, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा, हेही त्यात आहे. रुग्णाच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मात्र डॉक्टर गरजेपुरते इतरांना सांगू शकतात. पापनिवेदनाच्या मुद्रेला असा अपवाद नसतो. डॉक्टरांच्या गुप्ततेला असतो. हा फरक ध्यानात असावा.

खर्च झेपत नसेल तर

हे डॉक्टरांना मोकळेपणी सांगावे. ते जेनेरिक औषध लिहून देऊ शकतात. जनऔषधी दुकानांत अशी पुष्कळ औषधे स्वस्तात मिळतात. खासगी डॉक्टरांकडे निदान करून पुढचे उपचार सरकारी ठिकाणी चालू ठेवता येतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. त्याखाली जिल्हा रुग्णालयांत मनोविकार विभाग चालतात. आपल्या बेळगाव भागाला धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे, गोव्यातील बांधवांना बांबोळीची संस्था आहे, आणि गुंतागुंतीच्या आजारासाठी बंगळुरूचे निम्हान्स आहे. फोनवर सल्ला हवा असेल तर २०२२ साली सुरू झालेली सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट मिळते.

श्रद्धा आणि औषध

"प्रार्थना कमी पडली म्हणून हा आजार झाला" असे आजाऱ्याला कुणीही म्हणू नये. आधीच खचलेल्या माणसावर पापाचे ओझे घालणे हा धर्म नव्हे. बेनसिराच्या ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले. भूतबाधेविषयी कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद १६७३) स्पष्ट सांगतो की मानसिक आजार ही अगदी वेगळी गोष्ट असून तिचा उपचार वैद्यकशास्त्राचा विषय आहे, आणि भूत काढण्याच्या विधीपूर्वी हा आजार तर नव्हे ना याची खात्री केली पाहिजे. मग आपण कोण त्याच्याआधी मांत्रिकाच्या दारी जाणारे?

मनाचा अभ्यास करणाऱ्यांत आपलाच एक धर्मगुरू होऊन गेला आहे. गोव्यातील कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले आबे फारिया यांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले आणि संमोहनाची झोप ही कुणाच्या अंगातील गूढ शक्तीने नव्हे, तर त्या माणसाच्या स्वतःच्याच मनाने, सूचनेमुळे येते असे दाखवले. पणजीला त्यांचा पुतळा आहे. त्यांच्या मायभूमीतील लोकांनी मनाच्या वैद्याला भिण्याचे कारण नाही.

आत्महत्येविषयीही जुना समज अजून अनेक घरांना जाळतो. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९८३ च्या कायद्यात ती बंदी उरली नाही. गंभीर मानसिक विकाराने माणसाची जबाबदारी कमी होते, असे धर्मशिक्षणग्रंथही शिकवतो. ज्यांच्या घरात असे दुःख घडले त्यांना आपण प्रार्थनेची साथ द्यावी, कुजबुज नव्हे.

घरच्यांनी काय करावे?

गोळ्यांची जबाबदारी घरातील एकाने घ्यावी. "मन घट्ट कर" असा उपदेश रोज करू नये. त्याऐवजी हाक मारून जेवायला बसवावे, संध्याकाळी बरोबर थोडे चालावे, झेपेल तेवढे काम द्यावे. फादरांना घरी बोलवावे, आजाऱ्याला हवे असेल तर ख्रिस्तप्रसाद व तैलाभ्यंग मागावा. औषधही चालू ठेवावे.

आणि एक गोष्ट शेतकऱ्याच्या घरात आजच करावी. कीटकनाशकाच्या बाटल्या माडीवर, खाटेखाली, गोठ्याच्या कोनाड्यात उघड्या ठेवू नयेत. पेटीत घालून कुलूप लावावे व किल्ली भरवशाच्या माणसाकडे असावी. उरलेले विष साठवू नये. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि पुढील वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. जीव देण्याची लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. त्या वेळी हाताशी विष नसले तर माणूस वाचतो, आणि वाचलेला माणूस बरा होऊ शकतो.

ज्यांच्या घरात हा प्रश्न आहे त्यांनी हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी एवढेच करावे: कागद घ्यावा, वर सांगितलेल्या सहा गोष्टी लिहाव्यात आणि या आठवड्यातली वेळ ठरवून टाकावी.